दर्शनी भिंतीवरचा दत्ता

मामा,

तुमचा फ्लेक्स चांगला झालाय. एसटी स्टँडसमोर, रसवंतीच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. तरुण मंडळाच्या पोरांनी आपणहून लावला, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. फेट्यातला फोटो आहे तुमचा. नावाच्या आधी लाल अक्षरांत 'वीरपिता' असं लिहिलंय. आणि तुमच्या डोक्यामागच्या ढगांतून दत्ता बघतोय, एका हातात झेंडा, छातीवर रक्त. तुम्हाला उचललं त्या दिवशी कुणीतरी आपल्या बैठकीतल्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला होता, तोच तिथं चिकटवलाय. खाली शोकाकुल म्हणून माझं नाव आहे, तुमच्या नातीचं आहे, समस्त ग्रामस्थ आहेत. दत्ताचं नाही. ढगात असलेल्या माणसाला शोक करायला कसं बसवणार?

ज्यानं मुलगा म्हणून तुम्हाला खांदा दिला, अग्नी दिला, डोकं भादरून घेतलं, तो दत्ता त्या फ्लेक्सखाली उभा राहून तो वाचत होता. मी भाजी घेऊन तिथून येत होते. मी म्हणाले, "काढायला सांगू का पोरांना?" तर ते वर बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फोटो बरा आलाय अण्णांचा."

तुमच्यासमोर मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. हे म्हणाले, ह्यांना विचारते, असंच चाललं. आता घेणार आहे. ते जिवंत आहेत, हे या घरात कुणीतरी नाव घेऊन सांगायला हवं. मला सगळे समजावतायत की माणूस गेलं, आता मनातून काढून टाक. मी काढणार नाही. तुम्ही चित्र काढलं नाहीत, मी हे का काढू?

मी या घरात आले तेव्हा तेरमध्ये तुमच्या बैठकीला लोक 'छावणी' म्हणायचे. माकणीच्या आमच्या माहेरच्या घरात भिंतीवर एक देवाचं कॅलेंडर आणि धरणावर काढलेला सगळ्यांचा एक फोटो, बस्स. इथं आले तर छतापासून गुडघ्यापर्यंत फौजा. किल्ल्याचे वेढे, हत्तीवरचे सरदार, रणगाडे, बर्फातले जवान, पितळी पत्र्यावर ठोकून काढलेली तोफ. सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला सुभेदाराचा अर्धपुतळा, त्याची मिशी एका बाजूला तुटलेली आणि तुम्ही ती लांबीचा लगदा भरून बसवलेली. आणि मधोमध हैदराबादचं तैलचित्र, निजामाच्या फौजेतला घोडेस्वार. कुणा नवाबाचं घर मोडलं तेव्हा तुम्ही ते उचललंत आणि सासूबाईंच्या दोन गोधड्यांत गुंडाळून एसटीच्या टपावरून आणलंत. पाऊस लागेल म्हणून स्वतः टपावर बसायला निघाला होतात, कंडक्टरनं उतरवलं. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगायचात, की कंडक्टरच्या शिव्यासुद्धा मला पाठ झाल्या होत्या.

आणि तुमची ती शिस्त! दर्शनी भिंतीवर फक्त लढाई. दाराच्या वर सेनापती. माजघरात बाकीचं घोडदळ. न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात उरलेले, म्हणजे रसदीच्या गाड्या, डोलीतले जखमी, पाणके. मी येण्याआधी तिथंच एक लहानसं जुनं छापील चित्र होतं, छावणीतला स्वयंपाक. चुलीवर मोठा हंडा, धूर, आणि एक आचारी डोळे पुसतोय. गठ्ठ्यात चुकून आलेलं. लग्नाआधी दत्ता फौजेत भरती झाले आणि लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, आचारी म्हणून लागले, त्या वर्षी तुम्ही ते चित्र बोळातूनसुद्धा काढलंत. मला हे नंतर कळलं. ते मला माळ्यावर, घमेल्याखाली पालथं पडलेलं सापडलं, आणि फार आवडलं.

मी नवीन असताना तुम्ही मला चित्र बघायला शिकवलंत, हे मी नाकारणार नाही. सासरा सुनेला स्टूल देऊन "बस, बघ" म्हणतो, असं आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. "उजेड कुठनं येतोय सांग. सावली कुठं पडलीय? मग सूर्य दोन हायत का या लढाईत?" मी हसायचे. तुम्ही खूश व्हायचात. एका चित्रात घोड्याला पाच पाय काढलेत, हे मी शोधलं तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलंत, "आमच्या सूनबाईची नजर बघा." माझं डी.एड. पुरं करायला तुम्हीच पाठवलंत मला. रोजच्या बसला सोडायला यायचात. आज वर्गात फळ्यावर काही काढते तेव्हा पोरं म्हणतात, बाईंचं चित्र खरं दिसतं. ते तुमचं आहे.

एकदा तुम्ही मला भरतीचंही सांगितलंत. तरुणपणी धाराशिवला भरती लागली होती, तुम्ही रांगेत उभे होतात, आणि टेप लावली तर छाती भरेना. फुगवायला सांगितलं तरी फुगेना. "फुगली असती," तुम्ही म्हणालात, "पण त्या दिवशी खोकला व्हता." मी म्हणाले, "मामा, खोकल्यानं तर फुगायला पाहिजे." तुम्ही इतकं हसलात की खरंच खोकला लागला. मला वाटलं, हा माणूस आपल्याला कळला. किती बावळट होते मी.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दत्ता रजा संपवून गेले होते. तुम्ही आमचा लग्नातला फोटो माझ्या ट्रंकेतून मागून घेतलात. मी आनंदानं दिला, म्हटलं, मामा मोठा करून लावणार. तुम्ही तो धाराशिवला पेंटरकडे नेलात. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा, ट्रॉल्यांवर नावं टाकणारा, गणपतीचे पडदे करणारा माणूस. त्याला तुम्ही दत्ताचा चेहरा फोटोवरून घ्यायला सांगितलंत आणि बाकीचं स्वतः त्याच्या दुकानात एक गुडघा टेकून, हातात केरसुणी धरून दाखवलंत, की झेंडा असा हवा. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, हसून हसून.

चित्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. गोधडी सोडली तर दत्ता मरत होते.

एक गुडघा टेकलेला, छातीतून रक्त, हातात झेंडा, मागं आग. आणि चेहऱ्यावर लग्नातलं हसू, जसंच्या तसं. गोळी लागल्याचं माणसाला इतकं बरं वाटलेलं मी कुठल्याच चित्रात बघितलं नव्हतं. मनगटावर माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ. आणि फोटोत जिथं मी उभी होते, तिथं तोफ. मंडळाच्या पडद्यावर असते तशी, चाकांची. मला कापून तिथं तोफ बसवली होती. डावा हात उजव्यापेक्षा मोठा, सावली भलतीकडे. घोड्याचा पाचवा पाय ओळखणाऱ्या माणसाच्या संग्रहातलं सगळ्यात भिकार चित्र ते. तुम्ही घोडेस्वाराला बाजूला सरकवलंत आणि ते मधोमध लावलंत.

मी म्हणाले, "मामा, हे काय? ते तर जिते हायत."

तुम्ही म्हणालात, "हां, मग? चित्र हाय ते. चित्रात कोण मरतं व्हय?"

दसऱ्याला तुम्ही नेहमीप्रमाणे सगळ्या चित्रांना झेंडूचे हार घातलेत. शस्त्रांची पूजा म्हणून. तोफेला हार, तलवारीला हार, सुभेदाराला हार. त्याच ओळीत दत्तालाही. आपल्यात जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे सांगायला मी मोठी पंडित नव्हते. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं असं मात्र मला कुणी सांगू नये.

संध्याकाळी सोनं द्यायला हायस्कूलचे नवे मुख्याध्यापक आले. नुकतीच बदली होऊन आलेले, गाव माहीत नाही, माणसं माहीत नाहीत. आपट्याची पानं तुमच्या हातात देता देता त्यांची नजर भिंतीवर गेली. हळू आवाजात विचारलं, "हे कोण?" तुम्ही म्हणालात, "माझा मुलगा." आणि तुमचे डोळे भरून आले. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मी बघितलं. डोळे खरेच भरले होते तुमचे. मुख्याध्यापक उभे राहिले, चित्राला नमस्कार केला, तुमच्या पाया पडले. तुम्ही पाया पडू दिलंत.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही म्हणून वाचले. त्यानंतर जो कुणी परका माणूस त्या बैठकीत आला, तो आधी भिंतीकडे बघायचा आणि मग माझ्या कपाळाकडे. कुंकू दिसलं की गोंधळायचा. एका बाईनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, आता तसं काही राहिलं नाही, लाव तू बिनधास्त, मी तुझ्या बाजूची आहे.

आता ती सव्वीस जानेवारी. मी बाळंतपण आटोपून माकणीहून नुकतीच परतले होते. पोर मांडीवर, मी तिला पाजत होते. तुम्ही सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून, फेटा बांधून बाहेर पडलात. कुठं म्हणून विचारलं तर "शाळेत बोलावलंय" इतकंच. हायस्कूलचा भोंगा आपल्या घरात सगळा ऐकू येतो. झेंडावंदन झालं, कवायत झाली. मग मुख्याध्यापकांचा आवाज आला. देशासाठी प्राण देणारे आपल्या गावचे सुपुत्र, आणि पुढं दत्ताचं नाव, तुमचं नाव, आपलं आडनाव. आणि मग शेकडो पोरांच्या तोंडून, अमर रहे, अमर रहे.

मामा, तुम्हाला मी हे कधी पुरतं सांगितलं नाही. सांगायला बसले की तुम्ही उठून जायचात. आता कुठं जाणार? ऐका.

मला वाटलं, बातमी आधी शाळेत आली. मला वाटलं, मी ओली बाळंतीण म्हणून माझ्यापासून लपवली. सकाळी फेटा बांधताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं, त्याचा अर्थ मी लावला. मी पोरीला खाली ठेवलं की ती माझ्या हातातून पडली, मला आजही सांगता येत नाही. शेजारच्या कमळाकाकू रडत आल्या, मागून आणखी बाया. कुणी माझे दोन्ही हात धरून ठेवले, कारण मी ते जात्यावर आपटत होते. काकू म्हणत होत्या, "बांगड्या ऱ्हाऊ द्या गं तिच्या, आधी माणसं तरी येऊ द्या." मी दत्ताच्या मोबाइलवर लावत होते. रेंज नव्हती. पुन्हा लावत होते. पोर भुकेनं रडत होती आणि ती कुणाची रडतेय हे मला समजत नव्हतं.

तुम्ही आलात. गळ्यात शाल, हातात नारळ. अंगणात बाया बघून जरा थबकलात. मी तुमच्या पायाशी जाऊन विचारलं, "मामा, कवा आली बातमी?"

तुम्ही म्हणालात, "कसली बातमी? चहा टाक जरा."

दुपारी दत्ताचा फोन लागला. ते पुऱ्या तळत होते. सव्वीस जानेवारीचा बडा खाना, दम खायला फुरसत नव्हती त्यांना. ते म्हणत होते, "काय गं, पोरगी बरी हाय ना? अण्णा बरे हायत ना?" मी फोन काकूंकडे दिला. काकूंनी त्यांचा आवाज ऐकला आणि तुमच्याकडे वळून जी शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. तुम्ही ती ऐकली न ऐकलीशी करून नारळ देवापुढं ठेवलात.

त्या दिवशी माझं दूध आटलं. पुन्हा आलं नाही. तुमची नात वरच्या दुधावर वाढली. हेही तुम्हाला माहीत होतं. रोज सकाळी तिचं दूध आणायला तुम्हीच तर जायचात, आणि बाटली उकळायला वेळ झाला तर माझ्यावर ओरडायचात. पोरगी झाली म्हणून पाहुण्यांनी नाकं मुरडली तेव्हा पेढे वाटणारेही तुम्हीच. मला तुमचा नीट राग करता आला असता तर बरं झालं असतं.

भांडण मात्र आपण जन्मभर केलं. मी म्हणायचे, शाळेत जाऊन सांगा, चूक झाली म्हणून. तुम्ही म्हणायचात, "माझी काय चूक? त्यांनी इचारलं कोण, म्या सांगितलं माझा मुलगा. ह्यात खोटं काय?" मी म्हणायचे, "मग पुढचं का न्हाय सांगितलं?" "पुढचं त्यांनी इचारलंच न्हाय." कितीही वेळा फिरवलं तरी गाडी तिथंच. एकदा मात्र तुम्ही वेगळं बोललात. निजामाच्या घोडेस्वाराकडे बोट केलंत. "ह्यो कोण व्हता, त्याचं नाव काय, कुणाला ठावं? काढला म्हणून ऱ्हायला. माझ्या दत्तूला कोण काढणार व्हतं? पुऱ्या तळताना?"

मी म्हणाले, "तसाच काढायचा की. पुऱ्या तळताना."

"आन् लावायचा कुठं? न्हाणीच्या बोळात?"

आता सांगते: हो, बोळात लावला असता तरी चाललं असतं, मामा. बोळात दत्ता जिवंत राहिले असते.

गावाला खरं कळलं तेव्हा गावानं तुमची टर उडवली. पारावर तुम्हाला 'वीरपिता, या' म्हणून बोलवायचे. तुम्ही जाऊन बसायचात. टर करणारी माणसं म्हातारी झाली, काही गेली, नाव राहिलं. पुढच्या पोरांना ते खरंच वाटलं. तुम्ही चेष्टा सोसून सोसून तिचा मान करून घेतलात. इतकी चिकाटी तर लढाईतसुद्धा लागत नसेल.

आणि दत्ता. रजेवर आले, पिशवी ठेवली, चित्राकडे बघितलं. मी मागं उभी. मला वाटलं आता हा माणूस घर पेटवेल. ते म्हणाले, "नाक चांगलं काढलंय." बस्स. सगळी रजा ते मागच्या दारानं ये-जा करत राहिले.

नोकरी संपवून ते कायमचे घरी आले तेव्हा माझी आशा अशी, की आता जिवंत माणूस रोज समोर दिसल्यावर तुम्हाला लाज वाटेल. एक दिवस लातूरकडचे कुणी गृहस्थ तुमचा संग्रह बघायला आले. तुम्ही एकेक चित्र दाखवत मधोमध आलात. "हा आमचा दत्तात्रय." त्यांनी हात जोडले. तेवढ्यात दत्ता पाणी घेऊन आले. पाहुण्यांनी चेहऱ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "हे धाकटे का?"

तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला गप्प बसायची सवयच होती. दत्ता म्हणाले, "व्हय, धाकटा."

तुम्ही माझ्या नवऱ्याला त्याचाच धाकटा भाऊ केलंत, मामा. आणि त्यांनी तुम्हाला ते करू दिलं. त्यानंतर ते बाहेरच्यांना तेच सांगत राहिले. तुम्हाला अग्नी दिला तेव्हासुद्धा बाहेरगावच्या कुणीतरी विचारलं आणि मागून कुणीतरी सांगितलं, धाकटा आहे.

तुमची एक बाजू लुळी पडली तेव्हापासून शेवटपर्यंत तुमचं सगळं त्या धाकट्यानंच केलं. लंगरात भल्यामोठ्या हंड्यात वरण ढवळणारा माणूस वाटीभर पेज गाळून गाळून पातळ करायचा. तुमचं तोंड पुसायचा, खालचं काढायचा. तुम्ही खाट बैठकीतच मागितली होतीत, दर्शनी भिंतीसमोर. घास तोंडात घेताना तुम्ही मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून चित्र बघायचात. तो अंग चोरून बाजूला व्हायचा, तुम्हाला नीट दिसावं म्हणून. मी शाळेतून आले की हे बघायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे.

त्या शेवटच्या दुपारी मीही तिथंच होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "दत्तू आला का?"

दत्ता चमच्यानं पाणी पाजत होते. म्हणाले, "अण्णा, आलोय की. हा काय मी."

तुम्ही त्यांच्याकडे नीट बघितलंत. भ्रमात नव्हता तुम्ही, त्याआधी मला माझ्या नावानं हाक मारली होतीत. चांगलं निरखून बघितलंत आणि म्हणालात, "तू न्हाय."

मामा, मी माणसं मरताना बघितली आहेत. माझी आई गेली, वडील गेले. जाताजाता कुणी कुणाला इतकं मारलेलं मी बघितलं नव्हतं. दत्तानं चमचा खाली ठेवला नाही. म्हणाले, "वाटेत हाय तो. येतोय. तवर पाणी घ्या." तुम्ही पाणी घेतलंत.

तुमचे दिवस झाले, गोडजेवण झालं, पाहुणे गेले. मी दत्ताला म्हणाले, आता ते चित्र उतरवा. बाकीची राहू द्यात, घोडेस्वार राहू दे, तोफ राहू दे, ती मलाही आवडतात. हे एक उतरवा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "आता कुणासाठी?" ते म्हणाले, "तुला ठावं हाय का, अण्णा त्याच्याकडं बघून हसायचे. म्हणून मी पेज भरवताना जरा त्याच्या बाजूला सरकून बसायचो. बघताना मधीच नजर खाली उतरायची. चुकून माझ्यावर यायची. तवर हसू तसंच असायचं तोंडावर. मला तेवढंच मिळालंय."

मला वाटायचं ते तुम्हाला दिसावं म्हणून बाजूला सरकतात.

हे ऐकल्यावर दुसऱ्या कुठल्या बाईनं ते चित्र तिथंच ठेवलं असतं, त्याला रोज फडकं मारलं असतं. मी तशी बाई नाही. तुमच्या घरात राहून मी तशी उरले नाही. परवा दत्ता शेतात गेल्यावर मी चित्र उतरवलं, चौकटीतून सोडवलं, परसात नेलं आणि बंबात घातलं. रंग तेलाचा, भडकन पेटला. आधी झेंडा गेला, मग तोफ. चेहरा शेवटी गेला, तोही हसत. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून मी हे सांगते आहे. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दत्ता आले. बैठकीत गेले, बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, बंबाकडे बघितलं. विचारलं, "पुरता जळाला?"

मी म्हणाले, "व्हय."

ते न्हाणीत गेले. बंबातलं गरम पाणी त्यांनी घेतलं नाही. हौदातलं गार पाणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर ओतून घेतलं, स्मशानातून आल्यावर घेतात तसं. तसेच ओले येऊन परसातल्या दगडावर बसले आणि रडायला लागले. तुम्ही गेलात तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, गावात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, फौजी आहे म्हणाले. आता हा माणूस तोंड उघडून, आवाज काढून रडत होता. आधी अण्णा, अण्णा म्हणत होते. मग नुसतंच. मी जवळ गेले नाही. मध्ये कुणी नको होतं, मीसुद्धा.

कमळाकाकू भिंतीवरून डोकावल्या. आता थकल्यात, नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. घाबरून म्हणाल्या, "काय गं, कोण गेलं?"

मी म्हणाले, "मामा गेले, काकू."

"अगं, ते जाऊन तर महिना हुईल की."

"न्हाय," मी म्हणाले. "आज गेले."